खापर

आमच्या जुन्या गाडीच्या डिकीत पाणी कुठून येतं हे शोधायला मला एक अख्खा पावसाळा आणि दुसऱ्याचा अर्धा लागला. पाणी कुणामुळे येतं हे मात्र मी पहिल्याच मिनिटात ठरवून टाकलं होतं. इथे लिहायचं आहे ते त्या पहिल्या मिनिटाबद्दल.

जुलै २०२२. नाणे मावळात मामाकडे भातलावणी चालली होती, ती पाहून माझे वडील अण्णा आणि मी लोणावळ्याला परत येत होतो. कामशेत मागे पडलं आणि जुन्या हायवेवर मागचा टायर बसला. धो धो पाऊस. डिकी उघडली, आतली चटई उचलली, तर खालचा पुठ्ठा भिजून लापशी झालेला आणि त्याच्या खाली स्टेपनी चार बोटं पाण्यात बसलेली. जॅक गंजून घट्ट. पान्याला हात लावला तर तळवा तांबडा झाला. अण्णा माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे होते. त्यांचा स्वतःचा उजवा खांदा पूर्ण भिजत होता, हे मला तेव्हा दिसलं होतं. तरीही वर न बघता मी विचारलं, "अण्णा, परवा बाजारातून आल्यावर डिकी नीट लावली होती ना?"

ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "लावली होती रे बहुतेक."

त्या 'बहुतेक'ला मी धरून बसलो. मला तो कबुलीजबाब वाटला.

अण्णा रेल्वेतले. कर्जत-लोणावळा घाटात रुळांवर काम करणाऱ्या टोळीचे मुकादम म्हणून २००८ साली निवृत्त झाले. हा घाट १८६३ साली सुरू झाला. सदतीस फुटांना एक फूट असा त्याचा चढ. पावसाळ्यात तिथे रात्रीची गस्त असते. हातात दिवा घेऊन दरडीखालून चालायचं, कुठे माती सुटली, कुठे कातळातून नवा झरा फुटला ते पाहायचं आणि जाऊन सांगायचं. तिथे 'बहुतेक' या शब्दाला वजन असतं. डोळ्यांनी पाहिलं तर 'आहे', पाहिलं नाही तर 'बहुतेक'. अण्णांनी आयुष्यभर त्या शब्दाचा असाच हिशेब ठेवला. हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, आणि म्हातारा माणूस 'बहुतेक' म्हणाला की तरुणाला त्यात फक्त विसराळूपणा ऐकू येतो.

खरं सांगायचं तर माझ्याकडे पुरावा होता. दोन पुरावे होते. आदल्या वर्षी एकदा बाजारात त्यांनी डिकी अर्धवट लावली होती आणि गवळीवाड्याच्या चढावर ती वर उडाली. दुसऱ्यांदा त्या जूनमध्ये, दारातच. पंधरा महिन्यांत दोन वेळा. त्या दोन वेळांवर मी शंभर वेळांची इमारत उभी केली. अण्णा आता विसरतात. अण्णा हळू लावतात. त्यांना जोर राहिलेला नाही. मग यातलं प्रत्येक वाक्य मी त्यांच्या तोंडावर, बायकोसमोर, एकदा तर मामासमोरही बोललो. चढ्या आवाजात नाही. त्याहून वाईट, समजावणीच्या सुरात.

आमच्या भागाचा पाऊस ज्यांनी अनुभवला नाही त्यांना डिकीतलं चार बोटं पाणी ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुणे शहरात ७०० च्या आसपास. मधलं अंतर जेमतेम ६५ किलोमीटर. आणि हा पाऊस सरळ खाली पडत नाही, खोपोलीच्या अंगाने घाट चढून येणारा वारा त्याला आडवा मारतो. म्हणून तर मे महिन्यात आगोटीच्या कामांत पश्चिमेच्या भिंतीला आम्ही आधी प्लास्टिक बांधतो. अशा हवेत गाडीच्या पोटात पाणी साठून राहिलं की महिनाभर ते वाळत नाही. गाडीत कुबट वास भरतो, सीटच्या पाठीला बुरशी धरते. सगळ्यात वाईट म्हणजे आतल्या दमटपणाने काचा धुरकट होतात. आधीच घाटात धुकं, त्यात आतून काच पांढरी. एका हाताने फडकं मारत मी खंडाळ्याहून खाली उतरलो आहे. त्या प्रत्येक फडक्याबरोबर मी मनात अण्णांना बोल लावला आहे.

आता माझ्या नोकरीबद्दल. ती सांगितल्याशिवाय ही कबुली पुरी होत नाही.

मी तळेगावजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. माल नापास झाला की 'का झाला' हे शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. एकदा 'का' विचारून भागत नाही, उत्तर आलं की पुन्हा 'का', असं पाच वेळा विचारायचं. नवी मुलं कागदावर कारण म्हणून 'ऑपरेटरची चूक' लिहून आणतात तेव्हा मी तो कागद परत करतो. "ऑपरेटरची चूक हे कारण नसतं, तुम्ही शोध कुठे सोडला त्याची ती खूण असते," हे माझं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना मला स्वतःबद्दल बरं वाटतं. संध्याकाळी घरी येऊन मी वडिलांच्या नावापुढे 'ऑपरेटरची चूक' लिहून फाइल बंद करत होतो.

असं खापर फोडणं मी आधीही पाहिलं होतं. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं. झोपेतली माणसं वाहून गेली, आणि तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले की धरण खेकड्यांनी पोखरलं. सगळा महाराष्ट्र चिडला, हसला. कँटीनमध्ये मीही त्यावर चार विनोद केले होते. खेकडा बांध पोखरतो हे खोटं नाही. लहानपणी मामाचं भाताचं खाचर एका रात्रीत रिकामं झालेलं मी पाहिलं आहे. पण मामा खेकड्याला शिव्या देऊन घरी बसला नव्हता. बांधाला लागून त्याने पायाने चिखल ढवळला आणि पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने गढूळ पाण्याची धार निघाली, आतल्या तोंडापासून चांगली दोन हात सरकून. मग त्याने पेंढा आणि चिखल दाबून भोक बुजवलं. हे सगळं मी लहानपणी पाहिलं होतं, आणि तरी मी खेकड्यावरच थांबलो.

त्या ऑगस्टमध्ये मी एक काम केलं, आणि ते चुकीचं केलं. सिलिकॉनची एक नळी आणली आणि दिसेल तिथे भरली. डिकीच्या रबराखाली, मागच्या काचेच्या कडेला, नंबरप्लेटच्या दिव्याभोवती. स्टेपनीच्या खड्ड्याच्या तळाला एक रबरी बूच असतं. इतक्या वर्षांत ते कडक होऊन जरा सैल झालं होतं, म्हणून त्याच्यावरही मी एक जाड थर चोपडला. दोन दिवस गाडीला व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. तो वास म्हणजे काय ते मला नंतर कळलं. या प्रकारचं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि ते उघड्या पत्र्याला गंज चढवतं. थोडक्यात, गळती थांबवायला म्हणून मी पत्र्याला आम्ल लावत होतो.

पंधरा दिवसांनी पाहिलं तर पाणी चार बोटांचं सहा बोटं झालेलं. आधी सैल बुचातून थोडं तरी झिरपून जात असावं, आता तीही वाट बंद. मी काय निष्कर्ष काढला? आता सगळं सील केलं आहे, तेव्हा पाणी उघड्या झाकणातूनच येतंय. म्हणजे अण्णाच.

माझ्याच चुकीचा परिणाम मी त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरला. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला आहे.

अण्णा भांडले नाहीत. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे डिकी वापरणं जवळजवळ सोडलं. भाजीची ओली पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. "असू दे, हलकी आहे." धोतर भिजायचं. दुसरी गोष्ट अशी की डिकी उघडावीच लागली तर लावून झाल्यावर दोन्ही तळवे झाकणावर टेकवून अंगाचा भार द्यायचे. एकदा नव्हे, तीनदा. मग गाडीत बसायच्या आधी वळून पुन्हा एकदा बघायचे. घाटात रुळाचा नट हाताने चाचपून पाहणारा माणूस. मला ते दिसायचं, आणि मी मनात म्हणायचो, चला, शिस्त लागली.

पावसाळा संपला आणि विषयही संपला. ऑक्टोबर ते मे आम्हाला डिकीची आठवण राहिली नाही. जून २०२३ मध्ये पुन्हा तेच.

मग जुलैत अण्णा तीन आठवडे नाशिकला माझ्या बहिणीकडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी बसने कारखान्यात जात होतो, गाडी दारातच उभी होती. डिकीला कुणी हात लावला नाही. जायच्या आदल्या दिवशी मी स्वतः आतलं पाणी टिपून काढलं होतं, झाकण स्वतः आपटून लावलं होतं. तिसऱ्या आठवड्यात सहज उघडून पाहिलं.

चार बोटं.

माझं मत तिथल्या तिथे बदललं, असं इथे लिहिता आलं तर बरं दिसेल. तसं झालं नाही. पुढचे दोन दिवस मी अण्णांना दोषी ठेवायच्या वाटा शोधत होतो. त्यांनी आधी इतक्या वेळा सैल लावली की रबर दबलं असेल. बिजागरी वाकली असेल. हे कारखान्यात कुणी केलं असतं तर मी त्याला विचारलं असतं, तुला कारण शोधायचंय की माणूस? दुसऱ्या रात्री झोप येईना तेव्हा हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर सोपं होतं आणि लाजिरवाणं होतं. मला माणूस हवा होता. वडील म्हातारे होतायत याची मला भीती वाटत होती. त्या भीतीचं काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून मी तिचं तक्रारीत रूपांतर केलं होतं. डिकी हे नुसतं निमित्त.

अण्णा परत आले. मी त्यांना तीन आठवड्यांचं काही बोललो नाही. एवढंच म्हणालो, "रविवारी डिकीचं नीट बघू या." त्यांनी विचारलं, "कसं बघणार?" मी म्हणालो, वर पाणी मारू आणि आत बघू. ते म्हणाले, "आत बघायचं तर आत बसायला लागतं. बोगद्यात पाणी पडतं तिथून ते येत नाही रे. कातळात भलतीकडे शिरतं आणि बरोब्बर रुळावर येऊन पडतं."

ऑगस्टचा पहिला रविवार, सकाळी थोडी उघडीप होती. मी गाडी सपाटीला न्यायला निघालो तर अण्णांनी अडवलं. "रोज उभी असते तशीच राहू दे." आमची गल्ली उताराची. गाडी कायम तोंड खाली आणि शेपूट वर करून उभी असते. पाणी त्याच उताराने वाहणार, तेव्हा तपासही त्याच उतारावर. डिकी रिकामी केली, चटई, पुठ्ठा, बाजूची अस्तरं, मागच्या सीटची पाठ, सगळं काढलं. आतला पत्रा फडक्याने पुसला आणि मग बायकोच्या हेअर ड्रायरने कोरडा केला.

आधी कागदाची चाचणी. वर्तमानपत्राची पट्टी झाकणाच्या कडेत ठेवायची, झाकण लावायचं, पट्टी ओढायची. रबर दाबत असेल तर पट्टी अडकते, नसेल तर अलगद निघते. चहूबाजूंनी अठरा जागी करून पाहिलं. अठराही जागी पट्टी अडकली. मी झाकण आपटत होतो. मग अण्णांनी, त्यांच्या पद्धतीने, हळूच लावलं. कुलूप बसल्याचा बारीक आवाज आला. पट्टी तशीच अडकली, ओढली तर फाटली. म्हणजे त्यांचं हळू लावणं पुरेसं होतं, कायमच पुरेसं होतं. फाटलेला तुकडा माझ्या हातात होता. तो मी खिशात घातला आणि काही बोललो नाही.

अण्णा स्टेपनीच्या खड्ड्यात वाकून बघत होते. "हे भोक कुणी बुजवलं?"

"मी."

"का?"

मला उत्तर देता आलं नाही. ते सहज म्हणाले, घाटात दरडीला आधाराच्या भिंती बांधतात त्यांना जागोजागी भोकं ठेवतात, मागचं पाणी निघून जायला. ती बुजली तर भिंत पावसाने पडत नाही, मागे साठलेल्या पाण्याच्या रेट्याने पडते. बोलता बोलता पान्याच्या टोकाने ते सिलिकॉन खरवडत होते. खाली पत्र्यावर गंजाचा लालसर ठिपका.

मग आतल्या शिवणींवर, चाकाच्या कमानीवर, तारांच्या जुडग्याखाली आम्ही टाल्कम पावडर भुरभुरली. पाण्याचा एक थेंब जरी तिथून गेला तरी रेघ उमटते. मी टॉर्च घेऊन आत शिरलो, गुडघे छातीशी घेऊन. सीटची पाठ काढलेली, त्यामुळे पुढून हवा येत होती. "हळूहळू मारा," मी म्हणालो, "आधी खालून, मग वर. प्रत्येक जागी पाच मिनिटं." वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. अण्णांनी झाकण लावलं.

आणि माझ्या डोक्यावर, पत्र्याच्या पलीकडे, दोन तळवे टेकले.

एकदा. पुन्हा. पुन्हा.

बाहेरून हे मी वर्षभर पाहत होतो. आतून ते ऐकलं तेव्हा निराळंच वाटलं. पत्रा किंचित खाली आला, रबर कुरकुरलं, आणि मला त्या हातांचा भार कळला. त्यात शिस्त नव्हती. माझ्या शब्दांची धास्ती होती. वीस वर्षं रात्री दरडीखालून चालताना न घाबरलेला माणूस एका डिकीच्या झाकणाला भीत होता, आणि ती भीती मी त्यांना घातली होती. अंधारात मी तोंडावर हात ठेवला. का ते माहीत नाही, कुणी बघणारं नव्हतं.

पाणी सुरू झालं. बंपरच्या वर, काही नाही. नंबरप्लेट, काही नाही. डावा दिवा, काही नाही. मग उजवा दिवा. मिनिटभरात खालच्या नटाशी काहीतरी चमकलं. टॉर्च तिकडे वळवला. एक थेंब नटाच्या कडेला फुगला, सुटला, तारांच्या जुडग्यावर बसला आणि तारेला धरून चालत गेला. चाकाच्या कमानीवर उतरला, पावडरमध्ये काळी रेघ काढत शिवणीला लागला आणि खड्ड्यात. त्याच्या मागे दुसरा. आत शिरल्या जागेपासून साठल्या जागेपर्यंत अडीच-तीन फूट. मामाचा खेकडाही जवळपास इतकाच लांब गेला होता.

नटाच्या मागे, दिव्याच्या कडेला, एक पिवळट वाळलेला ओघळ होता. तो डिंकाचा होता, आणि तो डिंक माझा होता.

मला एकदम आठवलं. एप्रिल २०२२. मागच्या दिव्याचं भिंग मळकट झालं होतं म्हणून मी आख्खा दिवा काढला होता, पॉलिश करायला. काढताना त्याच्या मागचं फोमचं पॅकिंग दोन जागी फाटलं. 'चालतंय' म्हणून डिंकाने चिकटवलं, दिवा बसवला, आणि गळू नये म्हणून नट जरा जास्तच आवळले. आवळल्यावर प्लॅस्टिक वाकलं असणार, आणि खालचा कोपरा उचलला गेला. जूनमध्ये पाऊस आला. जुलैत मी अण्णांना विचारलं, डिकी नीट लावली होती ना.

बाहेरून आवाज आला, "दिसतंय का रे काही?"

मी म्हणालो, "नाही अजून."

हे मला लपवायचं नाही, म्हणूनच लिहितो आहे. थेंब माझ्या नाकासमोर पडत होता आणि मी 'नाही' म्हणालो. अण्णा पुढच्या जागेकडे सरकले. झाकणाची पन्हळ, मग काच, मग छताची कड. प्रत्येक वेळी विचारत होते. आत मी एक सभ्य कहाणी रचत होतो. जुनी गाडी आहे, १९९९ ची, रबर म्हातारं झालंय, कुणाची चूक नाही. एकदा तर म्हणालोसुद्धा, "काचेच्या रबराचं असेल बहुतेक." तो शब्द माझ्या तोंडून निघाला आणि मला त्याची चव कळली. त्यांचा 'बहुतेक' खरा होता. माझा खोटा. त्यांनी न पाहिलेल्याबद्दल म्हटला होता, मी समोर दिसत असताना.

दहा-बारा मिनिटं गेली असतील. पाईप जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. "थांबतो रे जरा. खांदा भरून आला."

त्या वाक्याने मी मोडलो. छत्री धरलेला तोच खांदा.

"अण्णा," मी म्हणालो, "सापडलं. उजवा दिवा. मी काढून बसवला होता तो. मघाशीच दिसलं होतं मला."

बाहेर शांतता. नळाचं पाणी वाहत होतं. मग ते म्हणाले, "नळ बंद करू का मग?"

झाकण उघडलं. उजेडात मला त्यांच्याकडे बघवेना. मी म्हणालो, वर्षभर तुम्हाला बोललो मी, उगाच. त्यांनी टॉर्च माझ्या हातातून घेतला, वाकून दिवा पाहिला, बोट लावून थेंब पाहिला. म्हणाले, "दोनदा राहिली होती खरी उघडी माझ्याकडून."

तेवढंच. माफ केलं वगैरे काही नाही. जेवढं घडलं तेवढं आपल्या खात्यावर लिहून घेतलं, बाकीचं माझ्याकडे ठेवलं. त्यांच्या रोजनाम्यात हेच लिहिलं गेलं असतं. मला वाटतं, ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुरुस्तीला जेमतेम दीड दिवस लागला. दिवा काढला, फोम आणि डिंक खरवडून काच-पत्रा पुसून घेतला. १९९९ च्या गाडीचं पॅकिंग पुण्यात नाना पेठेत दोन दुकानं हिंडून मिळालं नाही, म्हणून काळी चिकट ब्युटाइलची पट्टी आणली आणि दिव्याच्या कडेने अखंड फिरवली. जोड खाली येऊ दिला नाही, वर ठेवला. नट आधी बोटांनी, मग समोरासमोरचे आळीपाळीने, पाव-पाव फेरा. प्लॅस्टिक वाकायच्या आत थांबायचं. माझं सगळं सिलिकॉन काढलं. त्याखालचा गंज वायर ब्रशने घासला, रेडऑक्साइड मारलं, वर रंगाचे दोन हात. झाकणाच्या पन्हळीत शिवणीला एक केसाएवढी भेग होती, ती अण्णांना दिसली, तीही भरली. खड्ड्याला नवं बूच. ते अण्णांच्या सांगण्यावरून पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून पाहतो. खड्ड्यात वर्तमानपत्राचा एक कागद अंथरून ठेवला आहे. पाणी आलं तर तो खोटं बोलणार नाही.

तो कागद अजून कोरडा आहे. २०२४ साली गाडीला पंचवीस वर्षं झाली, पर्यावरण कर भरून आणखी पाच वर्षांसाठी तिची नोंदणी करून घेतली. कारखान्यात 'ऑपरेटरची चूक' लिहिलेले कागद मी अजून परत करतो, पण ते ठरलेलं वाक्य आता माझ्याने म्हणवत नाही. नुसता कागद परत करतो.

गेल्या आठवड्यात अण्णांना घेऊन बाजारात गेलो होतो. इंद्रायणी तांदळाची दहा किलोची पिशवी त्यांनी स्वतः डिकीत ठेवली. झाकण लावलं, नेहमीसारखं हळूच. कुलूप बसल्याचा आवाज मलाही आला.

"अण्णा, लागलंय. आता दाबायला नको."

"हो," ते म्हणाले, आणि दोन्ही तळवे टेकवले.